पिवळा कोनफ्लॉवर बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या परड्यात: दोन वर्षांच्या नोंदी

१९ नोव्हेंबर २०२३

दिवाळीची गडबड आवरली आणि आज परडं मोजून घेतलं. चाळीस फूट लांब, बारा फूट रुंद. माती काळी, चिकण, भाताची. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात पायातलं चप्पल आत राहतं.

हे का करतेय ते आधी लिहून ठेवते. गेले दोन हंगाम लाल भोपळ्याचा वेल भरभरून फुलला, पण कोवळी फळं लिंबाएवढी होऊन पिवळी पडून गळाली. पहाटे सहाला उठून नर फूल तोडायचं आणि मादी फुलावर फिरवायचं, असं मी हाताने केलं तेव्हा चार भोपळे धरले. मी लहान होते तेव्हा हे कुणी करत नव्हतं, मधमाश्या करायच्या. त्या परत याव्यात म्हणून वर्षभर काही ना काही फुलत राहील असं परडं मला करायचं आहे.

त्यात पिवळा कोनफ्लॉवर हवाच, असं ठरवलंय. हे उत्तर अमेरिकेच्या गवताळ माळावरचं, सूर्यफुलाच्या कुळातलं झाड. शास्त्रीय नाव रॅटिबिडा पिन्नाटा. एकदा जमलं की वर्षानुवर्षं राहतं, चार-पाच फूट वाढतं, चिकण मातीही सोसतं असं वाचलं. चिकण माती आमच्याकडे भरपूर आहे.

ऑनलाइन एक पाकीट मागवलं होतं, ₹२४०. आज पेरलं. बी लांब, काळं, सुईसारखं, जरा वाकडं.

२६ नोव्हेंबर २०२३

सातव्या दिवशी सगळीकडे हिरवं! इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. आत्यांना हात धरून परड्यात नेऊन दाखवलं.

२१ जानेवारी २०२४

फुलं आली. कोनफ्लॉवर नाही, पिवळा कॉसमॉस आहे. पाकळ्या वर उघडलेल्या आणि मधे कोनफ्लॉवरचा शंकू नाहीच. विक्रेत्याला फोटो पाठवून दोन आठवडे झाले, उत्तर नाही.

दोन महिने गेले. आता कळलं की बी हातात घेतलं तेव्हाच ओळखता आलं असतं. सुईसारखं लांब बी कॉसमॉसचं. रॅटिबिडाचं बी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर, पाचरीसारखं, करडं-काळं. पाकीट आलं की पेरायच्या आधी दहा बिया पांढऱ्या कागदावर ओता आणि बघा. मी बघितल्या होत्या, पण कशाशी ताडून बघायचं ते माहीत नव्हतं.

कॉसमॉस उपटला नाही. त्यावर माश्या येतात.

१० फेब्रुवारी २०२४

बंगळूरच्या एक ताई घरचं बी अदलाबदल करतात, त्यांच्याकडून शंभर बिया आल्या. पैसे घेतले नाहीत, टपालाचे ₹६० तेवढे लागले. सोबत एक अख्खा वाळका शंकू पाठवलाय. "बोटांत चुरडून वास घे," म्हणाल्या. चुरडला. बडीशेप! जेवण झाल्यावर हातावर घेतो तोच वास. या झाडाची ही खूण पक्की. पाकिटावर काय छापलंय यापेक्षा मी यापुढे नाकावर विश्वास ठेवीन.

या बियांना थंडीतून जावं लागतं, ओल्या थंडीतून, किमान महिनाभर. त्यांच्या मुलखात बर्फाखालची जमीन ते काम करते. आमची माघाची रात्र फार तर बारा-चौदा अंशांपर्यंत उतरते, तेवढ्याने भागत नाही. म्हणून फ्रीज.

११ फेब्रुवारी २०२४

बारीक वाळू धुऊन घेतली, ओली केली, त्यात बिया मिसळून स्टीलच्या डबीत भरल्या आणि फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवल्या. आत्या म्हणाल्या, "दुधाशेजारी वाळू कोण ठेवतंय गं?" डबीवर तारीख लिहून चिकटवली आणि 'खाऊ नये' असंही लिहिलं.

१४ मार्च २०२४

बत्तीस दिवसांनी डबी उघडली तर वर पांढरी बुरशी. वाळू फार ओली झाली होती, तळाशी पाणी साचलेलं. पस्तीसेक बिया मऊ पडल्या होत्या, टाकून दिल्या.

वाळू किती ओली हवी ते आता लिहून ठेवते. मुठीत दाबली की लाडू वळला पाहिजे, पण बोटांतून थेंब पडता कामा नये. आणि आठवड्यातून एकदा डबी उघडून वारा द्यायचा.

उरलेल्या पासष्ट बिया ट्रेमध्ये कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या भुशावर, पेरल्या. ट्रे आणि कोकोपीट मिळून ₹४६०. वरून माती घातली नाही. बी उजेडात उगवतं, त्याला पुरायचं नाही, बोटाने नुसतं दाबायचं.

१६ मार्च २०२४

झारीने पाणी घातलं आणि अर्ध्या बिया वाहून एका कोपऱ्यात गोळा झाल्या. काडीने एकेक परत पसरल्या, त्यात दुपार गेली. आता ट्रे पाण्याच्या परातीत ठेवते, खालून ओल चढते.

५ एप्रिल २०२४

तेवीस रोपं आली. पहिलं अकराव्या दिवशी, शेवटचं परवा. बाकीच्यांची आशा सोडली. ऊन कडक आहे, म्हणून दुपारी जुन्या साडीची सावली करते.

४ मे २०२४

दोन रोपं जळाली. एकवीस परड्यात लावली, दीड-दीड फुटावर. शेणखत घातलं नाही. माळरानचं झाड आहे, खत दिलं की लांबट वाढतं आणि आडवं पडतं.

१९ जून २०२४

आजचा दिवस वाईट.

भांगलणीला शेजारच्या काकी आल्या होत्या. मी बाजारात गेले होते. परत आले तर काकी खुशीत म्हणाल्या, "वाफ्यात काँग्रेस माजलं होतं की गं, काढून टाकलं सगळं." बांधावर ढीग. त्यात माझी नऊ रोपं, मुळं उन्हात सुकलेली. पाण्यात घातली, परत लावली, एकही धरलं नाही.

काकींची चूक नाही. चाळीस वर्षं त्या काँग्रेस गवत उपटताहेत, त्याने त्यांच्या हातांना खाज सुटते, दिसलं की हात जातोच. आणि कोनफ्लॉवरचं मोठं पान तसंच कापलेलं, जमिनीलगत तसंच पसरलेलं. मी त्यांना आधी दाखवायला हवं होतं.

संध्याकाळी दोन्ही पानं घेऊन आम्ही दोघी पायरीवर बसलो. काँग्रेसचं पान मऊ, फिकट, बारीक लवीचं, आणि कापलेल्या भागालाही पुन्हा काप. कोनफ्लॉवरचं पान तीन ते सात लांबट पात्यांचं, पात्यांना पुन्हा तेवढे बारीक काप नाहीत. बोट फिरवलं की खरखरीत, नखं घासायच्या पट्टीसारखं. काकींनी डोळे मिटून दोन्ही पानं बोटांनी ओळखून दाखवली. उरलेल्या बारा रोपांशी चिवारीच्या काट्या रोवल्या आणि त्यांना लाल चिंध्या बांधल्या.

रोपांना खूण पहिल्या दिवशीच करा.

२८ जुलै २०२४

गेले दोन आठवडे पाऊस थांबलेला नाही. बळ्ळारी नाल्याकडचं शिवार पाण्याखाली आहे. परड्यात वाफ्यावर चार बोटं पाणी उभं. बारापैकी सात रोपं गेली. पान धरून ओढलं की झुबका हातात येतो, खाली मान काळी, लिबलिबीत.

कोनफ्लॉवर चिकण माती सोसतो हे खरं असेल, पण साचलेलं पाणी सोसत नाही. मी या दोन गोष्टी एकच धरल्या होत्या. त्याच्या मूळ मुलखात पाऊस वर्षभर वाटून पडतो, आमच्याकडे चार महिन्यांत ओतला जातो.

११ ऑगस्ट २०२४

उघडीप मिळाली. मुरमाची एक ट्रॉली, ₹२,०००. दोन गड्यांची मजुरी ₹१,४००. काळ्या मातीत निम्मा मुरूम मिसळून दीड फूट उंच गादीवाफा केला, दोन्ही बाजूंनी चर काढून गटारीला जोडले. पाचपैकी तीन रोपं मातीच्या गड्ड्यासकट उचलून वर लावली. दोन मुद्दाम खाली ठेवली, बघू काय होतंय.

कुंपणाच्या कडेला मोकळी पट्टी उरली. काकी म्हणाल्या, "कारळं टाक की. आमच्या माळावर कारळ्यात माश्या नुसत्या घोंगावत असायच्या." बाजारात कारळे म्हटलं तर दुकानदार बघत राहिला, कन्नडात गुरेळ्ळू म्हटल्यावर लगेच पुडी बांधून दिली. ₹४०. फोकून टाकलं, वरून हात फिरवला, काम झालं.

१५ सप्टेंबर २०२४

खाली ठेवलेली दोन्ही रोपं गेली. गादीवाफ्यावरची तिन्ही जिवंत, नवं पान काढताहेत. उत्तर मिळालं.

२० ऑक्टोबर २०२४

कारळं फुललंय. कुंपण पिवळंधमक झालंय. सकाळी नऊ वाजता एका जागी पंधरा मिनिटं बसून मोजलं. सातेरी मधमाश्या एकतीस, फुलोरी मधमाश्या अकरा, बिनडंखाच्या बारक्या काळ्या माश्या मोजता आल्या नाहीत, आणि एक मोठा काळा भुंगा. ज्या कोनफ्लॉवरसाठी मी वर्ष घातलं त्याला अजून फुलाचा दांडासुद्धा नाही, आणि चाळीस रुपयांच्या कारळ्याने दहा आठवड्यांत परडं भरून टाकलं.

दोघंही एकाच कुळातली. माश्यांसाठी काही करायचं असेल त्याने पहिल्या वर्षी कारळंच पेरावं, कोनफ्लॉवर नंतर. कारळं कार्तिकात संपतं आणि पुढचे महिने मोकळे राहतात, मला कोनफ्लॉवर हवाय तो त्यासाठी.

२२ ऑक्टोबर २०२४

ताईंकडून पुन्हा ऐंशी बिया आल्या, टपाल ₹६०. आजच फ्रीजमध्ये ठेवल्या. गेल्या खेपेला माझं वेळापत्रकच चुकलं होतं. मार्चात पेरलं, रोपं कोवळी असताना उन्हाळा लागला आणि मूळ धरायच्या आत पावसाळा. आता नोव्हेंबरअखेर पेरायचं, म्हणजे हिवाळा आणि उन्हाळा मिळून सहा महिने मुळाला मिळतात.

२४ नोव्हेंबर २०२४

डबी उघडली. बुरशी नाही. दोन-चार बियांना वाळूतच पांढरं टोक फुटलेलं. पेरल्या.

२९ डिसेंबर २०२४

ऐंशीपैकी शेहेचाळीस उगवली. तीस गादीवाफ्यावर लावली, बाकीची वाटली. मधे भाताचं पिंजर अंथरलं, पण देठाला चिकटू दिलं नाही.

१२ जानेवारी २०२५

पलीकडच्या रानातल्या तात्यांशी बोलले. त्यांच्या वांग्याला सकाळी आठला फवारणी होते, तेव्हाच माश्या बाहेर असतात. मला भीती होती की त्यांना राग येईल. ते एवढंच म्हणाले, "दिवस मावळल्यावर मारलं तर चालतंय की. वाराबी कमी असतो." त्यांच्या काकडीलाही माश्या लागतातच. दोन वर्षं मी कुढत होते, आणि सांगायला पाच मिनिटं लागली.

२३ फेब्रुवारी २०२५

जुनी तीन झाडं आता वर्षाची झालीत. हातभर पसरलीत, पानं दणकट, पण दांडा नाही. ताईंना फोन केला. त्या सहज बोलून गेल्या, "माझी फाटकाजवळची फुलतात गं. मागच्या अंगणातली नुसती पानंच काढत बसतात." फाटकाजवळ काय आहे, विचारलं. माती तीच, पाणी तेच. मग त्यांनाच आठवलं, फाटकावर रस्त्याचा दिवा आहे, रात्रभर जळतो.

रात्रभर विचार करत होते. या झाडाच्या मूळ मुलखात, इलिनॉय-आयोवाकडे, जूनचा दिवस पंधरा तासांचा. आमचा सगळ्यात मोठा दिवस तेरा तासांच्या आसपास. याचीच नातलग रुडबेकिया, तिला फुलायला लांब दिवस लागतो हे फुलशेतीवाल्यांना माहीत आहे. शेवंतीवाले रात्री दिवे लावतात ते उलट कारणासाठी, शेवंती लवकर फुलू नये म्हणून. आमचं रोप मोठ्या दिवसाची वाट बघतंय की काय?

१ मार्च २०२५

नऊ वॅटचा एलईडी, वायर, होल्डर, सगळं मिळून ₹३४०. वाफ्याच्या एका टोकाला टांगला. जुन्या तीनपैकी दोन आणि नवी सहा रोपं उजेडात, बाकीची अंधारात. साडेसहा ते साडेदहा, रोज. महिन्याला जेमतेम एक युनिट वीज.

६ मार्च २०२५

बल्बाभोवती पाखरं जमतात. सकाळी खाली मेलेले पतंग दिसले. माश्यांसाठी बाग करताना पतंग मारणं मला पटत नाही. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून शेड केली, उजेड फक्त खाली पडेल अशी. बल्ब पिवळ्या उजेडाचा घातला. पाखरं पुष्कळ कमी झाली, पूर्ण थांबली नाहीत. दांडे दिसले की दिवा बंद करायचा.

८ एप्रिल २०२५

दिव्याखालच्या दोन्ही जुन्या झाडांना दांडा आलाय, वीतभर. अंधारातलं तिसरं अजून बसलेलंच आहे. नव्या सहांपैकी एकाला आलाय, पाचांना नाही. बहुधा वय कमी पडतंय. दिवा काढला.

वाफा एक, झाडं मोजकी. यावरून कुणी नियम करू नये. पण दांडा येत नसेल तर खत बदलण्याआधी रात्रीचा उजेड बघा.

१८ मे २०२५

पहिलं फूल.

दांडा माझ्या छातीपर्यंत. मधला शंकू आधी राखाडी-हिरवा, बोटाच्या पेरासारखा, आणि त्याखाली लिंबासारख्या पिवळ्या पाकळ्या सरळ खाली लोंबलेल्या, बाळाच्या कुंचीची झालर असावी तशा. शंकूचा खालचा कडा आज तपकिरी झालाय. जवळून बघितलं तर तिथे बारीक बारीक फुलांची एकच ओळ उघडलीय, गोल कड्यासारखी, आणि तिच्यावर पिवळी पूड. रोज ओळ एकेक पायरी वर चढते, म्हणून एकच फूल आठवडाभराहून जास्त दिवस माशीला दाणापाणी देतं.

साडेनऊला बिनडंखाची एक माशी आली. मिरीच्या दाण्याएवढी. त्या कड्यावरून गोल फिरली, एक फेरी, दोन फेऱ्या, पायांवर पिवळे गोळे चढले. झालर लोंबलेली असल्यामुळे तिला मधे काही आडवं येत नव्हतं. मी श्वास रोखून उभी होते. काकींना हाक मारली, आत्याही काठी टेकत आल्या. तिघी तिथेच उभ्या राहिलो.

२८ मे २०२५

यंदा पावसाने मे संपायचीही वाट बघितली नाही. एका रात्रीत तिन्ही दांडे आडवे. चिवारीच्या काट्या आधीच रोवायला हव्या होत्या, दांडा गुडघ्याला लागला तेव्हाच. केळीच्या सोपटाने सैल बांधून उभे केले. एक मोडला.

३० जून २०२५

गोगलगाई. रात्री बॅटरी घेऊन गेले तर नव्या चार रोपांची फक्त देठं उरलेली. गुळाच्या पाण्यात गोणपाट भिजवून संध्याकाळी वाफ्याकडेला पसरते, पहाटे त्याखाली गोळा होतात त्या मिठाच्या पाण्यात टाकते. पहिल्या दिवशी बेचाळीस निघाल्या, काल पाच. विषाच्या गोळ्या घातल्या नाहीत, परड्यात कोंबड्या फिरतात.

१४ सप्टेंबर २०२५

पाऊस सरत आला. नव्या तीसपैकी चार गोगलगाईंनी खाल्ली, तीन वाफ्याच्या खोलगट टोकाला सडली, तेवीस उरली. जुनी तीन धरून सव्वीस. त्या टोकाला अजून मुरूम घालायला हवा.

लाल भोपळ्याचे नऊ धरलेत आणि मी एकदाही हाताने फूल फिरवलं नाही. हे कोनफ्लॉवरचं काम म्हणता येणार नाही, तो जूनलाच संपला होता. तात्यांची संध्याकाळची फवारणी, कॉसमॉस, कारळं, सगळ्यांचं मिळून आहे.

५ ऑक्टोबर २०२५

खर्च जुळवला. बी ₹२४०, टपाल ₹१२०, ट्रे-कोकोपीट ₹४६०, मुरूम ₹२,०००, मजुरी ₹१,४००, दिवा ₹३४०, कारळं ₹४०. एकूण ₹४,६००. पहिल्या दिवशी गादीवाफा केला असता तर खर्च एवढाच आला असता, पण वर्ष वाचलं असतं.

वाळके शंकू काढून कागदी पाकिटांत ठेवलेत. दांडे कापले नाहीत. एकाच्या मोडलेल्या टोकात कुठल्याशा माशीने पानाचा गोल तुकडा नेऊन कोंबलाय. गुलाबाच्या पानाला तेवढंच गोल भोक पडलेलं सापडलं. ती बाहेर येईपर्यंत दांडा तसाच राहील.

आज वाळू धुऊन वाळत घातलीय. यंदा डबीवरची चिठ्ठी आत्यांनी लिहून दिली.